आपली मते मोजून, आमदारांची मते ऐकून

विधानसभा मतदारसंघ क्रमांक ५२, नागपूर दक्षिण-पश्चिम. २०२४ च्या निवडणुकीचा इथला 'नमुना २०' उघडला की दर मतदान केंद्रामागे एक ओळ दिसते. केंद्राचा क्रमांक, प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते, वैध मतांची बेरीज, नोटा. टपाली मते शेवटी वेगळी आणि मग एकूण: देवेंद्र फडणवीस १,२९,४०१, प्रफुल्ल गुडधे ८९,६९१, फरक ३९,७१०. एखाद्या मनपा शाळेच्या एका खोलीत कुणाला किती मते पडली, हे घरबसल्या कळते. शहरातल्या सहाही मतदारसंघांचा असा कागद आहे. पण त्या सहा जागांवरून निवडून गेलेल्यांनी सभागृहात कोणत्या विधेयकाला 'होय' म्हटले आणि कोणत्याला 'नाही', ते सांगणारा कागद मागायला गेलात तर हात हलवत परत याल. तो कुणी दडवलेला नाही. तो तयारच होत नाही.

विधानसभेत मत घेण्याची रोजची पद्धत आवाजी आहे. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात. अनुकूल सदस्य 'होय' म्हणतात, प्रतिकूल 'नाही' म्हणतात. कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि विधेयक संमत झाल्याचे जाहीर करतात. विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव, मग त्यातला एकेक खंड (कलम), मग संमतीचा प्रस्ताव, प्रत्येक वेळी हेच. आटोपशीर विधेयक असले आणि कुणी बोलायला उभे राहिले नाही तर सगळे दोन-चार मिनिटांत उरकते. कार्यवृत्तात उरते ते एवढेच की विधेयक संमत झाले. त्या क्षणी सभागृहात कोण होते, कोण लॉबीत चहा पीत होते, कोण नागभवनावर परतले होते, याला पुरावा नाही.

राज्यघटनेचा अनुच्छेद १८९ सांगतो की निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो आणि गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या एक दशांश सदस्य लागतात. २८८ च्या सभागृहात ही संख्या २९ होते. म्हणजे अध्यक्षांसह २९ जण हजर असले आणि बाकी २८ पैकी १५ जणांनी 'होय' म्हटले, तर अकरा कोटींहून जास्त लोकांना लागू होणारे विधेयक विधानसभेत रीतसर संमत होते. प्रत्यक्षात दर वेळी एवढीच माणसे असतात असे म्हणायचे नाही. किती असतात ते नोंदीवरून सांगताच येत नाही, हे म्हणायचे आहे.

नावानिशी किंवा मोजून मत घ्यायची वेळ येते ती बहुतेक सरकारच्या जिवावर बेतल्यावर. विश्वासदर्शक ठरावांची गेल्या दशकातली मालिका पाहण्यासारखी आहे. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस यांच्या पहिल्या सरकारने विश्वासमत आवाजी मतदानाने जिंकले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणी, म्हणजे दोन्ही बाजूंची मोजणी, मागितली. ती झाली नाही. भाजपचे निवडून आलेले सदस्य १२२, बहुमताला हवे १४५, आणि बाहेरून पाठिंबा देऊ केलेली राष्ट्रवादी ४१. या एकेचाळीस जणांनी त्या दिवशी 'होय' म्हटले की गप्प बसले, हे इतिहासात कायमचे अंधारात आहे. सरकार कुणाच्या मतावर तरले, याची नोंदच नाही.

२०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेच २६ नोव्हेंबरच्या आदेशात सांगितले की मतदान गुप्त नको आणि थेट प्रक्षेपण करा. ३० नोव्हेंबरला ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ मते पडली, चार सदस्य तटस्थ राहिले आणि भाजपने सभात्याग केला. मग जुलै २०२२. ३ तारखेला अध्यक्षपदासाठी राहुल नार्वेकर १६४, राजन साळवी १०७. ४ तारखेला शिंदे सरकारवर विश्वास १६४ विरुद्ध ९९. दोन्ही दिवस शिरगणती झाली. एकेका रांगेतले सदस्य उभे राहून आपापला क्रमांक बोलत गेले.

त्या दोन दिवसांनी काय काय उघड केले ते बघा. कळमनुरीचे संतोष बांगर ३ जुलैला एका बाजूला मोजले गेले आणि ४ जुलैला दुसऱ्या. मधल्या एका रात्रीत काय घडले याच्या कहाण्या अनेक असतील, पण मतदाराच्या हाती दोन तारखा आणि दोन मते आली. सभागृहाचे दरवाजे बंद झाल्यावर पोचल्यामुळे अशोक चव्हाण आणि ब्रह्मपुरीचे विजय वडेट्टीवार यांच्यासह काही विरोधी आमदारांना ४ तारखेला मत देताच आले नाही. उशीर का झाला हे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. आवाजी मतदान असते तर ना उशीर दिसला असता, ना खुलासा द्यावा लागला असता. ९ डिसेंबर २०२४ ला फडणवीस यांच्या नव्या सरकारवरचे विश्वासमत पुन्हा आवाजीने झाले. बहुमताविषयी कुणाला शंका नव्हती हे खरे, पण कोणता सदस्य हजर राहून कुठल्या बाजूला होता हे विचारायला बहुमताची शंका कशाला लागते?

नागपूरकरांना हे विचारण्याचा जास्तीचा हक्क आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातले किमान एक अधिवेशन इथे घेण्याचे ठरले. सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद होतात, रविभवन आणि आमदार निवासाची रंगरंगोटी होते, मोर्चे टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात. शहर एवढे करते ते सभागृहात आपले काही ठरावे म्हणून. २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवसांचे होते. मंत्र्यांचा शपथविधी आदल्या दिवशी नागपूरच्याच राजभवनात झाला आणि खातेवाटप अधिवेशन संपल्यावर, २१ च्या रात्री. म्हणजे बिनखात्याच्या मंत्र्यांसमोर अख्खे अधिवेशन पार पडले, आणि त्यातच ३५ हजार कोटींवरच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च) मंजूर झाल्या. आवाजीने. विदर्भाच्या अनुशेषावर वर्षभर भाषणे देणाऱ्या कोणत्या आमदाराने कोणत्या मागणीला 'नाही' म्हटले किंवा खर्च कमी करण्याची कपात सूचना लावून धरली, हे नागपुरात राहूनही मतनोंदीवरून सांगता येणार नाही.

याच अधिवेशनात, १८ डिसेंबरला, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांविरुद्धचे विशेष जनसुरक्षा विधेयक मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या. १० जुलै २०२५ ला मुंबईत ते विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. ते एकटे, म्हणून त्यांचे नाव तरी राहिले. नंतर विरोधी पक्षांनी या कायद्याविरुद्ध रस्त्यावर आंदोलने केली, ती त्यांच्या जागी योग्यच. पण नागपूर जिल्ह्यातल्या विरोधी आमदाराला जर मतदाराने विचारले, 'भाऊ, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?' तर ते काहीही सांगू शकतात. सत्ताधारी आमदारही सांगू शकतो, 'मला तो खंड पटला नव्हता.' दोघांची विधाने तपासायला जागा नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विरोधक ती सांगत नाहीत. मतविभागणी मागण्याचे हत्यार त्यांच्या हाती असते, ते विधेयकांवर क्वचित उपसले जाते. अध्यक्ष ती नाकारू शकतात हे एक कारण. राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० ला शेती विधेयकांवर मागणी होऊनही मतविभागणी झाली नाही, हे सगळ्यांनी पाहिले. पण दुसरे कारण घरातले आहे. मोजणी झाली की आपलेही गैरहजर मोजले जातात. ऐंशीच्या गटातले पस्तीसच जागेवर असतील तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सरकारऐवजी विरोधकांचीच बातमी. आवाजी मतदानाच्या अंधारात दोन्ही बाकांना सारखीच सोय आहे. म्हणूनच सरकारे बदलली तरी पद्धत बदलत नाही.

लोकसभेत मतविभागणी झाली की निदान नावे नोंदली जातात. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर ४५४ विरुद्ध २ मते पडली. त्या दोघांपैकी एक छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. पटो न पटो, ते मत नावावर लागले आणि त्यासह ते पुढच्या निवडणुकीला सामोरे गेले. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचे विधेयक मांडू द्यायचे की नाही यावर मतविभागणी झाली तेव्हा सत्तापक्षाचेच काही खासदार जागेवर नसल्याचे दिसले आणि पक्षात चौकशी सुरू झाली. नोंद आपल्यालाच लागते असे नाही, पक्षालाही लागते.

आणि विधानसभेच्या बाबतीत गंमत अशी की आमदाराचे मत नक्की कुणाला तरी दिसतेच, फक्त मतदार सोडून. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून खुले मतदान आहे: आमदाराने मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा, पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायचा आणि मग पेटीत टाकायची. दाखवण्यात चूक झाली की मत बाद. जून २०२२ मध्ये नांदगावचे सुहास कांदे यांचे मत असेच बाद झाले. विधान परिषदेच्या निवडणुकीत मात्र तेच आमदार गुप्त मतदान करतात, आणि जुलै २०२४ मध्ये काँग्रेसची सात-आठ मते कुठे फुटली याचा शोध पक्ष अंदाजाने घेत बसला.

मग लोक आमदार मोजतात कशाने? फलकाने. 'आमदार स्थानिक विकास निधीतून' असे लिहिलेला फलक चौकात असतो. हा निधी वर्षाला पाच कोटी. रस्ता, समाजभवन, ओपन जिम. हे काम नगरसेवकाचेही आहे, पण दिसते. दुसरे माप हजेरीचे. त्यात खोट अशी की नोंदवहीतली सही म्हणजे दिवसभर बसणे नव्हे. तिसरे माप प्रश्नांची संख्या. एकाच तारांकित प्रश्नावर डझनभर सदस्यांची नावे छापलेली असतात, आणि आमदार मंत्री झाला की त्याच्या नावावर शून्य प्रश्न, कारण तो उत्तरे देणारा होतो. ही आकडेवारी मांडून आमदारांचे क्रमांक लावणाऱ्यांनी किमान एवढे तळटीपेत लिहावे.

निवडणुकीचे आकडेही वाटतात तितके सरळ नाहीत, आणि ते नीट न वाचल्याने उमेदवाराच्या कारकिर्दीविषयी चुकीची मते बनतात. दक्षिण-पश्चिममध्ये फडणवीसांचे मताधिक्य २०१४ ला ५८ हजारांवर, २०१९ ला ४९ हजारांवर, २०२४ ला ३९,७१०. उतरती कळा, असे कुणीही म्हणेल. पण त्यांना पडलेली मते बघितली तर २०१४ ची १,१३,९१८, मधल्या वेळी एक लाख नऊ हजारांवर, आणि २०२४ ची १,२९,४०१, म्हणजे तिन्हींत सर्वाधिक. मताधिक्य घटले ते समोरची मते एका उमेदवारामागे गोळा झाल्यामुळे. त्याआधी १९९९ आणि २००४ ला ते 'नागपूर पश्चिम'मधून निवडून आले, पण त्या पश्चिमची तुलना आजच्या पश्चिमशी करता येत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत सीमा बदलल्या आणि दक्षिण-पश्चिम हा मतदारसंघच तेव्हा नव्याने आला. मतदान केंद्रांचे क्रमांकही दर निवडणुकीत सरकतात, त्यामुळे २०१९ च्या केंद्र क्रमांक ११२ च्या खाली २०२४ चे ११२ लिहून वजाबाकी केली की फसलात. आधी केंद्राची इमारत आणि यादीभाग जुळवून घ्यायचा, मगच आकडा.

पक्षाचे नाव हा आणखी निसरडा धागा. नागपूरला याची सवय आहे: बनवारीलाल पुरोहित १९८४ आणि १९८९ ला काँग्रेसकडून लोकसभेत गेले, १९९६ ला भाजपकडून. ताजे उदाहरण आशिष देशमुखांचे. २०१४ ला भाजपच्या तिकिटावर काटोल जिंकले, २०१८ ला आमदारकी सोडली, २०१९ ला काँग्रेसकडून दक्षिण-पश्चिममध्ये फडणवीसांसमोर उभे राहिले (२००४ ला त्यांचे वडील रणजित देशमुख पश्चिममध्ये फडणवीसांसमोर होते), मग भाजपमध्ये परतले आणि २०२४ ला सावनेर जिंकले. यात बेकायदा काहीच नाही, राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाणे हा तर सरळ मार्ग. पण अशा माणसाच्या भूमिकांत सातत्य होते का, हे तपासायला त्याने सभागृहात दिलेली मते हाच एक भरवशाचा पुरावा ठरला असता. पक्ष बदलतो, चिन्ह बदलते, भाषण तर रोज बदलते.

यावर हमखास आक्षेप येतो तो व्हीपचा, म्हणजे पक्षादेशाचा. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदी) पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही तर आमदारकी जाऊ शकते. मग मत आधीच ठरलेले, नोंद ठेवून काय मिळणार? आक्षेपात दम आहे, पण अर्धाच. एक, व्हीप प्रत्येक विधेयकावर निघत नाही. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेच आहे की अपात्रतेची टांगती तलवार विश्वासमतापुरती आणि पक्षाने ज्या धोरणावर निवडणूक लढवली त्यापुरती असावी. दोन, व्हीप निघाला असेल तर तो कुणी, कशावर काढला हेही लोकांना कळायला हवे. तो आजवर पक्षाचा आतला कागद राहिला आहे. त्याचे काय होते ते नागपूरने जवळून पाहिले: डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात शिवसेनेच्या अपात्रतेची सुनावणी इथे चालली, आणि व्हीप काढणारा प्रतोद कोण, व्हीप कसा पोचवला, कुणाला मिळाला, यावर उलटतपासण्या रंगल्या. पक्षादेश काढताच तो विधानमंडळ सचिवालयात जमा करून त्याच दिवशी जाहीर केला असता तर त्यातला निम्मा वाद उद्भवलाच नसता.

नावानिशी मत घ्यायला वेळ जातो, हा दुसरा आक्षेप हिशेबाने सुटतो. मत नोंदणारे यंत्र नाही असे धरा. २८८ नावे पुकारली, प्रत्येकाला तीन सेकंद दिले, तर ८६४ सेकंद, म्हणजे साडेचौदा मिनिटांच्या आत. प्रत्येक खंडावर नको. फक्त संमतीच्या शेवटच्या प्रस्तावावर आणि पुरवणी मागण्यांवर. त्याहून स्वस्त मार्ग छापील चिठ्ठीचा: नाव, मतदारसंघ क्रमांक, होय-नाही-तटस्थ, सही. पाच मिनिटांत गोळा होते.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. मत नावावर लागले की जमावाचा दबाव वाढतो. २० फेब्रुवारी २०२४ ला मराठा आरक्षणाचे दहा टक्क्यांचे विधेयक एकमताने संमत झाले. ज्यांना कायदेशीर टिकाऊपणाची शंका होती, त्यांना नावानिशी 'नाही' म्हणणे आणखी कठीण गेले असते. ही किंमत आहे आणि ती मोजावी लागेल. पण आवाजीतही तेव्हा कुणी 'नाही' म्हटले नाही, मग झाकण्याचा फायदा नेमका कुणाला झाला? शिवाय अनुच्छेद १९४ ने आमदाराच्या मताला न्यायालयापासून संरक्षण दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२४ च्या सीता सोरेन निकालाने लाचेपुरते ते काढून घेतले. मतदारापासून संरक्षण मात्र घटनेने कधीच दिलेले नाही.

घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ नुसार कामकाजाचे नियम सभागृह स्वतः करते, आणि मनात आले की किती झटपट करते याचा दाखला ताजा आहे: डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी खुल्या पद्धतीने करण्यासाठी नियम एका अधिवेशनात बदलला गेला. कारण सरकारला फुटीची भीती होती. मतदाराची भीती वाटेल तेव्हा विधेयकांवरच्या मतदानाचा नियमही बदलेल. नव्या नियमात एक तक्ता पुरे: विधेयकाचे नाव आणि तारीख, मग होय, नाही, तटस्थ, गैरहजर असे चार रकाने, गैरहजेरीपुढे कारण (परवानगीची रजा, शासकीय काम, कारण दिले नाही), आणि त्या विधेयकावर व्हीप असल्यास पक्षाचे नाव. त्याच संध्याकाळी विधानमंडळाच्या संकेतस्थळावर, मराठीत, शोधता येईल अशा स्वरूपात. स्कॅन केलेल्या तिरप्या पानांच्या पीडीएफमध्ये नको.

तोवर डिसेंबरात आमदार गावात असतील तेव्हा संपर्क कार्यालयात एक पत्र देऊन ठेवता येते. त्यात लक्षवेधीची किंवा रस्त्याची मागणी नको. या अधिवेशनात संमत झालेल्या विधेयकांची यादी विधानमंडळाच्या कामकाजपत्रिकेवरून उतरवायची, प्रत्येकासमोर रिकामी चौकट सोडायची आणि आमदारांना सहीनिशी भरून द्यायला सांगायचे. बहुतेक कार्यालयांतून पोच मिळेल, उत्तर येणार नाही. पोचेची झेरॉक्स जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी भाऊ प्रचाराला दारात आले की तीच पुढे करायची.